ऊसतोडीला जाण्यापूर्वी गाडीची तजवीज

संपादक महोदय,

दिवाळी आटोपली की नंदुरबार, धुळे आणि चाळीसगाव भागातील अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि त्यांच्या मोटारसायकली चार-पाच महिने ओसरीत उभ्या राहतात. माझ्या भावाने गेल्या वर्षी टाकीत जेमतेम लिटरभर पेट्रोल ठेवून गाडी तशीच सोडली. होळीला परतला, तेव्हा टाकीला आतून गंज चढला होता आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये पिवळट, चिकट थर बसला होता.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते ओलावा ओढून घेते, शिवाय थंडीच्या रात्री रिकाम्या टाकीला आतून दव धरते; म्हणून झाकणाखाली थोडी जागा सोडून टाकी भरावी आणि कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. कार्बोरेटर नसलेल्या, इंजेक्शनच्या गाडीला भरलेली टाकी पुरे.

बॅटरीची काळी वायर आधी, लाल नंतर सोडावी आणि घरी राहणाऱ्याने ती महिन्यातून एकदा चार्ज करून आणावी. ‘अधूनमधून पाच मिनिटे गाडी सुरू करा’ हा सल्ला जो तो देतो, पण तेवढ्याने बॅटरी भरत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी मात्र साचते.

घरात कापूस साठवलेला असेल, तर उंदीर सीटखाली हमखास घर करतात. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबावी. ती लाल असावी, म्हणजे परतल्यावर काढायची राहत नाही.

— एक वाचक, शहादा