बल्लू दाखवा, पण वैनगंगा गाळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीत मुलांसोबत घरी बघण्यासारख्या चित्रपटांची यादी होती. त्यात डिस्नेचा १९६७ चा ‘द जंगल बुक’ दिसला, बरे वाटले. त्याच्यापुढची ओळ मात्र खटकली. ‘मुलांना जंगलाची ओळख करून देणारा परदेशी चित्रपट’ असे आपण छापले आहे. चित्रपट परदेशी खराच. पण गोष्ट घडते ती आपल्या शेजारी, आणि जंगलाची ओळख म्हणाल तर ती फारशी होत नाही.

आम्ही तो याच मे महिन्यात पाहिला. बाहेर ऊन मी म्हणत होते आणि खोलीत कूलर. त्याच्या घरघरीत गाणी ऐकू येईनात, म्हणून नातवाने आधी टीव्हीचा आवाज वाढवला आणि मग सरळ कूलरच बंद केला. ७८ मिनिटे आम्ही तिघे घामाघूम होऊन बसलो, पण कुणी उठले नाही. गाण्यांची ताकद ती. बहुतेक गाणी शर्मन बंधूंची. अस्वलाचे ते प्रसिद्ध गाणे तेवढे टेरी गिल्किसनचे, आणि ऑस्करचे नामांकन नेमके त्यालाच मिळाले होते. गंमत अशी की जंगलाची खरी माहिती असलीच तर या गाण्यातच आहे. बल्लू दगड उलटून मुंग्या खातो, मधाच्या गोष्टी करतो. आपल्या विदर्भातले अस्वलही तेच करते. वारूळ फोडून वाळवी ओढते, मोहाच्या दिवसांत मोहफुलांसाठी पहाटे गावालगत येते. बाकी आनंदच आहे. वानरांचा राजा म्हणून चक्क ओरांगउटान. तो बोर्निओ-सुमात्राकडचा प्राणी, किपलिंगच्या मूळ पुस्तकात त्याचा पत्ताही नाही. (त्याचे गाणे मात्र झकास. नात दिवसभर तेच गुणगुणत होती.) ‘का’ नावाचा अजगर चित्रपटात मोगलीला गिळायला टपलेला असतो; पुस्तकात मोगलीला वानरांच्या तावडीतून सोडवायला बल्लू-बगीराबरोबर हाच अजगर धावतो. वॉल्ट डिस्नेने आपल्या माणसांना पुस्तक वाचूच नका असे बजावले होते म्हणतात. चित्रपट बघताना त्यावर विश्वास बसतो.

शेवटी शेपटीला जळती फांदी बांधलेला शेरखान पळून जातो. नातू रुसला. “मेला नाही न तो? मंग परत येईल न!” तेव्हा मी त्याला पुस्तकातला शेवट सांगितला, आणि या पत्राचे कारण तेच आहे.

किपलिंगने १८९४ च्या त्या पुस्तकात लांडग्यांच्या टोळीचे रान मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या टेकड्यांत ठेवले आहे. लिहायला तो बसला होता अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, पण नदी त्याने घेतली वैनगंगा, तीही नावानिशी. सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी, बालाघाट, गोंदियावरून भंडाऱ्याकडे येणारी. मी पवनीची. आमचे लहानपण त्याच पाण्याच्या काठी गेले. त्या नदीची एक कोरडी घळ जगभरच्या मुलांना ठाऊक आहे, हे मला कळायला चाळिशी उलटावी लागली.

त्या घळीत शेरखान डुक्कर खाऊन, पाणी पिऊन सुस्तावलेला असतो. मोगली तेव्हा गावच्या म्हशी राखत असतो. अकेला लांडगा कळप दुभागतो. म्हशी आणि वासरे घळीच्या खालच्या तोंडाशी उभी राहतात आणि रेडे वरून सोडले जातात, सगळ्यांत मोठ्या रामा नावाच्या रेड्यावर मोगली बसलेला. भरल्या पोटी वाघाला कड चढवत नाही. पुढे म्हशी, मागून रेडे. म्हशी राखलेल्या कुणालाही विचारा, वासरे सोबत असली की म्हैस वाघालाही मागे हटत नाही. मी लोड-तक्क्यांची घळ करून हे सांगितले, तेव्हा कुठे नातवाचे समाधान झाले. नात मात्र म्हणाली, “यात गाणं नाही आजी.” तेही खरे.

आमच्या मुलांच्या पिढीचा मोगली १९९३ साली दूरदर्शनवर आला. मालिका जपानी, शीर्षकगीत गुलजारांचे, शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. रविवारी सकाळी गल्ली ओस पडायची. पण तेव्हाही कुणी सांगितले नाही की कामठी, मनसर, खवासा करत सिवनीच्या रस्त्याला लागलो की आपण मोगलीच्याच मुलखात शिरतो. आता त्या रस्त्यावर पेंचच्या जंगलात जागोजाग रस्ता उचलून खालून जनावरांना वाट ठेवली आहे. मागच्या हिवाळ्यात तिथून जाताना मुले मोबाइलमध्ये कार्टून बघत होती. खाली बघा, असे म्हणायचे मलाही सुचले नाही.

माझे मागणे छोटे आहे. पुढच्या यादीत ज्या चित्रपटामागे पुस्तक आहे, त्या पुस्तकाबद्दल दोन ओळी द्या: कुणी लिहिले, केव्हा, गोष्ट कुठे घडते आणि पडद्यावर काय बदलले. जागा कमी पडली तर चांदण्यांचे ते रेटिंग काढून टाका. मुले ते बघतही नाहीत. आणि ‘द जंगल बुक’ पुन्हा छापाल तेव्हा ‘परदेशी’ या शब्दाच्या जागी ‘सिवनी’ लिहिले तरी माझे काम झाले.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
प्रतापनगर, नागपूर