धुवण

लॉस बान्योस, लगुना, फिलिपिन्स

प्रिय मंद्या,

शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच.

रविवारी आमच्या गल्लीने मिळून स्वयंपाक केला. पोरंटोरं धरून चाळीसेक माणसं, तीन चुली आणि ‘कावा’ नावाची कढई, आपल्या महाप्रसादाच्या कढईएवढी. मला मुळा चिरायला बसवलं. शेजारी घरमालकीणबाई तांदूळ धूत होत्या. इथे थोरल्या बहिणीला ‘आते’ म्हणतात. हाक मारली की दर वेळी मला वाडीतली आते आठवते.

आतेने पहिलं पाणी फेकलं, दुसरं मात्र टोपात धरून ठेवलं. मला वाटलं, गुरांना. पण इथे गुरं कुठली! त्या धुवणात तिने सिनिगांग, म्हणजे इथला आंबट रस्सा, रटरटवलं: कांदा, टोमॅटो, माझा मुळा, बांगुस मासा आणि आंबटाला कामियास. कामियास म्हणजे आपलं बिंबल रे! धुवणाने रस्सा जरासा दाटसर होतो, आंबटपणा दाताला लागत नाही. आणि आपण जन्मभर ते माडाच्या मुळात ओतलं.

तांदळाच्या पोत्यावर मात्र ‘व्हिएतनाम’ छापलेलं. ज्या गावात १९६० पासून आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे, १९६६ साली आयआर-८ हे भाताचं वाण जिथून जगभर गेलं, तिथे रांधायला बाहेरचा तांदूळ! मी विचारलं तर आते हसली. भाऊ भात लावतो, म्हणाली, पण २०१९ च्या कायद्याने तांदळाच्या आयातीवरची मर्यादा उठली, फक्त जकात राहिली, आणि त्याच्या भाताचा भाव पडला. समोरचा ट्रायसिकलवाला लगेच उसळला, “मग मी महाग तांदूळ घेऊ? माझी चार पोरं!” दोघंही खरंच बोलत होते. मी मान खाली घालून मुळा चिरत राहिलो. संस्थेत पगार घेणाऱ्याने यात काय बोलावं?

मग कोणीतरी २०२१ ची गोष्ट काढली. टाळेबंदीत केसोन सिटीच्या मागिनहावा रस्त्यावर आना पॅट्रिशिया नॉन या तरुणीने बांबूची एक हातगाडी लावली. वर पाटी: जमेल तेवढं द्या, लागेल तेवढं घ्या. काही दिवसांत देशभर तशा गाड्या लागल्या. बक्षीस काय, तर तिच्यावर कम्युनिस्ट असल्याचा शिक्का! भीतीने एक दिवस गाडी बंद ठेवावी लागली तिला. तेव्हा आतेनेही दारात टेबल मांडलं होतं, शेवग्याचा पाला आणि भावाने पाठवलेला तांदूळ. ट्रायसिकलवाला हळूच म्हणाला, “तो मीच नेला होता.” आते म्हणाली, “ठाऊक आहे. जेव आता.”

केळीच्या पानांवर भाताची लांब रांग घातली, उभ्याउभ्याच हाताने जेवलो. तळाची खरवड आतेने मला आणि तिच्या नातवाला वाटून दिली; मोठा वाटा त्याचाच.

यंदा तू भात कितीला घातलंस? आकडा लिही, आतेने विचारलाय.

तुझा,
बाळ्या