५४ टक्के, पण किती इकडेतिकडे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल पहिल्या पानावर ठळक टाइपात वाचलं, ‘बडोद्यात बहुसंख्य मराठी घरांतल्या मुलांना मराठी वाचता येत नाही : ५४ टक्के’. किती घरं विचारली ते शोधायला मात्र भिंग घ्यावं लागलं. २००! मग पुढची आकडेमोड करायला कोणी अडवलं होतं? ०.५४ ला ०.४६ ने गुणा, २०० ने भागा, वर्गमूळ काढा, १.९६ ने गुणा. जवळजवळ ७ टक्के येतात, एवढा आकडा इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणजे ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, खरा आकडा ज्यात असावा असा साधारण ९५ टक्के भरवसा देणारा पट्टा, ४७ ते ६१. खालचं टोक निम्म्याच्या आत असताना ‘बहुसंख्य’ कशाच्या जोरावर छापलंत? वर ‘गेल्या वर्षी ४८, यंदा वाढ’ ही फोडणी. तेव्हाही घरं २००च. अशा दोन पाहण्यांत निव्वळ योगायोगानेही १० टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. तुमचा तर ६चाच आहे. ७ चे साडेतीन करायचे तर ८०० घरं लागतात, तेव्हा खर्चाची अडचण समजू शकतो.

पण हे सगळं नमुना यदृच्छ, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढावा तसा, घेतला असेल तर! तो कसा घेतला हे मला ठाऊक आहे, कारण त्या २०० त मी आहे. दांडिया बाजारात गणपतीच्या मांडवात, आरती संपून प्रसादाची रांग लागलेली, तेव्हा आपल्या प्रतिनिधीने विचारलं, “काका, नात मराठी वाचते?” मी सांगू लागलो की वाचते, पण शाळा गुजराती माध्यमाची, त्यामुळे जोडाक्षराला अडखळते. ‘अडखळते’पर्यंत पोचायच्या आत बाईंनी ‘नाही’वर खूण केली होती. “अहो, पण...” तर म्हणाल्या, “काका, फक्त हो किंवा नाही.” तेवढ्यात रांग सरकली. हा घोटाळा कुठल्या सूत्रात बसवायचा? आणि मांजलपूरला घरीच बसलेल्यांना कोणी विचारलं? अमेरिकेत १९३६ साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाच्या पाहणीत वीस लाखांहून जास्त उत्तरं आली होती. त्यांनी कागदावर लँडनना निवडून आणलं आणि प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. आपण तर २००वरच थांबलात, हे त्यातल्या त्यात बरं.

जाता जाता, नातीला वाचायला बसवायचो ते तुमचं रविवारचं बालपान घेऊन. पाडव्यापासून तिथे सोन्याच्या दुकानांच्या जाहिराती येतात. ते पान परत कधी सुरू करताय?

आपला,
एक निवृत्त संख्याशास्त्र शिक्षक,
रावपुरा, बडोदा