खंडाळ्याचा एलियाहू ‘देव’ नव्हे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला अलिबागच्या भटकंतीवरचा लेख आवडला, पण एक वाक्य खटकलं. खंडाळ्याच्या (घाटातल्या नव्हे, अलिबागजवळच्या) खडकावरच्या खुणांना लेखकानं ‘ज्यूंच्या देवाच्या रथाच्या खुणा’ म्हटलंय. त्या खुणा ज्याच्या मानतात तो एलियाहू हनाबी आमचा देव नाही. हनाबी म्हणजे संदेष्टा. आम्हा बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरात मूर्ती नसते. भिंतीवर रथात बसलेल्या एलियाहूची तसबीर मात्र बऱ्याच घरांत असते. घोटाळा तिथूनच होत असावा.

भावाला टायफॉइड झाला तेव्हा आईनं मलिद्याचा नवस बोलला होता. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, फळं. प्रार्थना देवाचीच, मध्ये नाव एलियाहूचं. शेजारच्या चाची ताटातला मलिदा उचलून म्हणायच्या, “अगं, हे तर आमचे इलियास!” कुराणात ते थोडक्यातच येतात. उत्तम निर्मात्याला सोडून बआल या दैवताची पूजा का करता, असं लोकांना विचारतात. रथाचं मात्र तिथं नावही नाही.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी तिसरंच सांगितलं. जो एलीया (म्हणजे आमचा एलियाहूच) यायचा होता तो बाप्तिस्मा करणारा योहान, असं येशू मत्तयाच्या शुभवर्तमानात म्हणतो. मी आगाऊपणे विचारलं, मग चौथ्या शुभवर्तमानात ‘तू एलीया आहेस काय?’ या प्रश्नाला योहान स्वतःच ‘नाही’ कसं म्हणतो? तो एलीयाच्या आत्म्यानं आला, असं त्या शांतपणे म्हणाल्या. उत्तर मला आजही चलाख वाटतं, पण पटत नाही. आमच्या लेखी तो अजून यायचाय. मुलाच्या सुंतेला त्याच्यासाठी खुर्ची ठेवतो, ती काय उगाच?

पण कोकणातल्या आम्हीही त्याला बदललंच की! बायबलमधल्या राजांच्या ग्रंथातला एलियाहू भलताच तापट. कर्मेल डोंगरावर बआलच्या 450 संदेष्ट्यांना हरवून त्यानं किशोन ओढ्याकाठी त्यांना ठार केलं. ग्रंथानुसार तो वावटळीतून स्वर्गात गेला तोही यार्देन नदीपलीकडून, कोकणातून नव्हे. आमच्याकडे तो नवसाला पावणारा, आजारी पोराच्या उशाशी येणारा झाला. आईला 450चा आकडा सांगितला तेव्हा ती म्हणाली, “असेल. पोहे भिजले का बघ.”

तेव्हा ‘देव’च्या जागी ‘संदेष्टा’ अशी दुरुस्ती छापावी. आणि खुणा फक्त रथाच्या नाहीत, घोड्याच्या टापांच्याही मानतात. त्या जागेला टापाच म्हणतात.

— एक निवृत्त शिक्षिका, अलिबाग