दत्ता, औषधाच्या बाटलीआधी तेलाचा वास घे

सिन्नर, १२ मे

प्रिय दत्ता,

तुझं पत्र मिळालं. कोंबडीच्या पिल्लांची पहिलीच बॅच आणि तीही उन्हाळ्यात, म्हणून तुझी धास्ती समजते. ‘अँटिऑक्सिडंटची कुठली बाटली चांगली?’ असं विचारलंयस, म्हणजे ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमचं औषध. बाटलीचं नंतर बघू. आधी माझ्या शेडमध्ये काय झालं ते ऐक.

गेल्या एप्रिलमध्ये स्वस्तात मिळाली म्हणून राइस पॉलिशची, म्हणजे तांदळाच्या तेलकट कोंड्याची, पोती घेतली आणि पत्र्याखाली तीन आठवडे ठेवली. खवट वास येत होता, तरी खाद्यात मिसळली. पिल्लं वीस दिवसांची झाली आणि एका सकाळी सात-आठ पिल्लं मान पाठीकडे वळवून आडवी पडलेली, पाय सायकल मारल्यासारखे हलतायत. मला वाटलं, मानमोडीच (राणीखेत रोग) आली! डॉक्टरांनी एक पिल्लू उघडून दाखवलं. लहान मेंदू सुजून मऊ पडलेला, त्यावर रक्ताचे बारीक ठिपके. ई जीवनसत्त्वाची कमतरता. खाद्यात ते घातलेलं होतं रे, पण पॉलिशमधल्या खवट तेलानं पिल्लाच्या पोटात जायच्या आधीच खाऊन टाकलं. ते पिल्लू हातात घेतलं होतं, अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

पेशीच्या आवरणात चरबी असते, तिला ऑक्सिजनची झळ लागली की एकातून दुसरी जळत जाते. ई जीवनसत्त्व स्वतः जळून ती साखळी तोडतं. सेलेनियम हे खनिज ज्या एन्झाइममध्ये असतं, ते एन्झाइम या जळण्यातून उरलेली पेरॉक्साइडं निकामी करतं. म्हणून ही जोडी. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या १९९४ च्या तक्त्यात किलोभर खाद्याला ई १० युनिट आणि सेलेनियम ०.१५ मिलिग्रॅम दिलंय. उन्हाच्या ताणावरच्या प्रयोगांत ई किलोमागे २००-२५० मिलिग्रॅमपर्यंत दिलेलं आहे (इथं युनिट आणि मिलिग्रॅम जवळपास सारखंच धर). सेलेनियम मात्र असं वाढवू नकोस, जास्त झालं की विष. त्याचं माप डॉक्टरांकडूनच घे.

क जीवनसत्त्व कोंबडी आपल्या मूत्रपिंडात स्वतः बनवते, पण कडक उन्हात ते पुरत नाही. कोंबडीला घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करावं लागतं. म्हणून उन्हाळ्यात क पाण्यातून देतात. पण टाकीत क्लोरीन असेल तर क टिकत नाही, पैसे पाण्यात! त्या दिवशी क्लोरीन बंद ठेव, द्रावण ताजं कालव, उजाडता उजाडता दे. दुपारी खाद्य वर उचल, पाणी गार ठेव.

तेल आणि पॉलिश दहा दिवसांपुरतंच आण. मुठीत घेऊन चोळ, हुंगून बघ. वास आला तर परत पाठव, व्यापारी कितीही ओळखीचा असो. हे जमलं की बाटली कुठलीही चालेल, फक्त लेबलवर ई आणि सेलेनियम किती ते आकड्यांत लिहिलेलं असलं पाहिजे.

पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशी मी येतो. तूस पसरायला दोघं असलेलं बरं. ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी शेगडी, आधी पेटवून ठेव. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
बाळू