लग्नाच्या पानात आपल्या घरचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रांच्या सदरात सध्या लग्नखर्चावर बरंच काय काय येतंय, हॉलची भाडी, डेकोरेशनवाले, सोन्याचे भाव, सगळं वाचते आणि पटतंही, पण जेवणावर कोणी काही लिहीत नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं. लग्नाहून आलेल्या माणसाला स्टेजवरची फुलं पिवळी होती की पांढरी हे दुसऱ्या दिवशी आठवत नसतं, पण आपल्या गोंयात लग्नाहून आलेल्याला दारातच पहिला प्रश्न पडतो, जेवण कसलें आशिल्लें (जेवायला काय होतं)?

माझ्या भाचीचं लग्न ठरलंय, तुळशीचं लग्न आटोपलं की लगेचचा मुहूर्त, मुलगा बेळगावचा, आमचं घर फोंड्याकडचं, आणि जेवणाचं खातं घरातल्यांनी माझ्या गळ्यात घातलंय. त्यामुळे सध्या केटरर लोकांशी बोलणं हाच माझा उद्योग. एकाने आम्हाला लॅमिनेट केलेला कागद दिला, त्यात सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी पॅकेजं, आणि मी नीट वाचून बघितलं तर फरक एवढाच की पॅकेज जितकं वरचं तितकं पनीर जास्त. वर चाट काउंटर, पास्ता काउंटर, मंचुरियन, तीन रंगांची मॉकटेलं. अख्ख्या कागदात नारळ कुठे आहे ते शोधत होते, तर शेवटी सोलकढी, तीही ‘ऑन रिक्वेस्ट’. हाच कागद दिल्लीत दिला असता तरी चालला असता. मी विचारलं खतखतं (आपलं पाच-सहा भाज्यांचं, तूरडाळ-खोबऱ्यातलं कालवण) कराल का, तर तो हसला आणि म्हणाला, बाय, खतखतें आतां कोण खातलो?

मला तर वाटतं सगळे खातील, फक्त कोणी वाढत नाही.

आता खतखत्याचंच घ्या. लग्नाला याच्याइतका सोयीचा पदार्थ दुसरा नाही. कांदा नाही, लसूण नाही, म्हणजे देवळाच्या हॉलात लग्न असलं तरी चालतं, आणि शिवराक (शुद्ध शाकाहारी) म्हणजे अगदी कडक शिवराक पाळणारी म्हातारी माणसंही निर्धास्त जेवतात. दूध-तूप नाही, म्हणून आजकाल जे व्हिगन पाहुणे येतात (आमच्याकडे नवऱ्यामुलाचे ऑफिसवाले चौघे आहेत) त्यांच्यासाठी वेगळं काही मांडावं लागत नाही. तूरडाळ, आणि भाज्या म्हणाल तर दिवाळीनंतर बाजारात कणगी (लहान कंद), सुरण, रताळी, भोपळा, मुळा, कच्ची केळी, मशिंगाच्या (शेवग्याच्या) शेंगा, मक्याच्या कणसाचे तुकडे, जे चांगलं मिळेल ते, आमच्याकडे पाचाच्या खाली भाज्या घालत नाहीत. खोबरं, सुकी मिरची, हळद वाटून घालायची, चिंच किंवा सोलं (कोकम), थोडा गूळ, आणि तिरफळं, म्हणजे मिरीसारखा दिसणारा उग्र वासाचा मसाला. तिरफळं तेवढी सांभाळायची. ती जराशी ठेचून, आतली काळी बी काढून घालतात, वासासाठी, चावून खायची नसतात, हे आपल्याला माहीत, बाहेरच्याला नाही. आमच्याच एका लग्नात पुण्याच्या काकांनी मिरी समजून एक दाणा चांगला चावला आणि मग पुढची दहा मिनिटं जीभ बधिर झाली म्हणून ते नुसते हातवारे करत होते. तेव्हा आचाऱ्याला सांगायचं, तिरफळं फडक्यात बांधून सोड आणि वाढायच्या आधी पुरचुंडी काढ. आणि कंदमुळं आधी टाकायची, भोपळा शेवटी, नाहीतर तीनशे माणसांच्या टोपात त्याचा नुसता लगदा होतो. मुरलं की ते अजून छान लागतं, त्यामुळे मुहूर्त जरा लांबला, भटजींनी वेळ काढला, तरी बिघडत नाही. पनीर बटर मसाला तासभर बर्नरवर ठेवून बघा काय होतं ते.

उलट सोलकढीचं. नारळाचं दूध उन्हाळ्यात दगा देतं, एप्रिल-मे मधलं लग्न असेल तर सकाळी करून ठेवलेली सोलकढी दुपारी एकला आंबट होणारच. रस काढायचा तो पंगतीच्या जेमतेम आधी, आणि टोप बर्फात ठेवायचा. केटररला हे आधीच स्पष्ट सांगा, कारण तो पावडरचं पाकीट फोडून मोकळा होतो. मणगणं म्हणजे आमची खीर, तिचंही तेच, चणाडाळ, साबुदाणा आणि गूळ शिजवून तयार ठेवायचं पण नारळाचा घट्ट रस मात्र शेवटी.

आमचं पान असं ठरलंय. आल्या आल्या कोकमाचं सरबत. मग भात, वरण, तूप, लिंबाची फोड, पुऱ्या, खतखतं, मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची नारळातली उसळ), तांबडी भाजी (लाल माठ), वांग्याचे काप, पापड, लोणचं, सोलकढी, आणि गोडाला मणगणं. वांगी आगशीची मिळाली तर उत्तम, मोठी असतात, काप चांगले जाड निघतात, रवा लावून तव्यावर. एवढंच. बघायला थोडं वाटतं, जाऊबाई म्हणाल्यादेखील, लोक काय म्हणतील, पण बफेत वीस पदार्थ असले तरी माणूस सगळ्यातलं चमचा चमचा घेतो, ताटात एकाचा रस दुसऱ्यात जातो, आणि अर्धं ताट टबात. थोडे पदार्थ असले की आचाऱ्याचंही लक्ष राहतं. भाताचा अंदाज म्हणाल तर शंभर माणसांना आठ ते दहा किलो तांदूळ धरतात, पुऱ्या असल्या तर आठातही भागतं, हे केटररच्या कोटेशनशी ताडून बघा, कधी कधी मजा वाटते.

पण हे झालं गोव्याचं पान, लग्न तर दोघांचं आहे. म्हणून मी विहीणबाईंना फोन केला आणि सरळ विचारलं की तुमच्याकडचं काय ठेवू. त्या आधी नको नको म्हणाल्या, मग पंधरा मिनिटं कुंद्यावरच बोलल्या. बेळगावचा कुंदा म्हणजे दूध आटवून आटवून तपकिरी रंगावर आणलेलं गोड, ते तिथून आणणं सोपं, टिकतंही, आणि चोर्ला घाटातून गाडी दोन-तीन तासांत येते. मांडे त्यांच्या रुखवतात आहेतच. तर आता पानात गोडाला दोन वाट्या, एकात आमचं मणगणं, दुसऱ्यात त्यांचा कुंदा, आणि विहीणबाई इतक्या खूश की मानपानाचा विषय परत निघालाच नाही! लग्नात दोन्ही घरांचा एकेक पदार्थ पानात आला की जेवण आपोआप आपलं होतं, त्यासाठी मेनूवर नवरानवरीची नावं छापायला नको की कॉकटेलला त्यांची टोपणनावं द्यायला नकोत (हो, असंही करतात).

दुसरं म्हणजे सीझन. आमचं लग्न थंडीतलं म्हणून तांबडी भाजी नि कणगी. तेच मार्च-एप्रिलमधलं असतं तर मी ओल्या काजूबियांची भाजी ठेवली असती. महाग पडते, बिया बाजारात शेकड्यावर मोजून देतात, आणि सोलणारणीचे हात डिकाने भाजतात म्हणून तो भाव उगाच नसतो, पण आलेला पाहुणा ती वर्षभर विसरणार नाही. मे मधल्या लग्नाला घोटांचं सासव, नारळ, मोहरी, गूळ आणि छोटे पिकलेले आंबे, हे तर मला वाटतं लोकांनी बोटं चाटून खावं. मानकुराद आंबा मात्र सीझनच्या सुरवातीला लग्नात ठेवायच्या भानगडीत पडू नका, तेव्हा डझनाचा भाव ऐकूनच पोट भरतं, मेच्या मध्यानंतर बघा.

सकाळच्या नाश्त्याचं एक सांगायचं राहिलं. वऱ्हाड सकाळी सातला पोचतं, त्यांना इडली-वडा-उपमा देण्यापेक्षा आपली पातळ भाजी, सुकी भाजी नि गरम पाव द्या ना, सोबत मिरची भजी आणि बन. हे बेळगाव-कोल्हापूरच्या माणसाला हॉटेलात मिळत नाही, आणि आपल्याकडे ते करायला कोणाला शिकवावं लागत नाही. गावच्या पदेराला (पाववाल्याला) आदल्या दिवशी सांगून ठेवलं की झालं, उंडे (गोल पाव) हॉलवर आणून देतो.

नुस्त्याचा, म्हणजे मासळीचा, प्रश्न प्रत्येक घरात निघतोच. आमच्याकडे मुहूर्ताचं जेवण शिवराक, त्यात वाद नाही, पण भाचीच्या मित्रमंडळींना हुमण (माशाची आमटी) पाहिजेच. ते आम्ही दुसऱ्या दिवशी घरी ठेवलंय, मोजकी माणसं, हुमण, तळलेलं नुस्तें, भात, संपलं. ज्यांचं लग्न जूनच्या सुरवातीला आहे त्यांनी मात्र लक्षात ठेवा की 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात, तेव्हा इसवणाचे (सुरमईचे) भाव आणि ताजेपणा दोन्ही धरून चालू नका. नदीतलं, खाजनातलं (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीतलं) मिळालं तर बरं, नाहीतर कोंबडीचं शाकुती (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा रस्सा) करून मोकळं व्हायचं.

वाढण्याबद्दल थोडं. पूर्ण पंगत आता सगळ्यांना जमत नाही, वाढायला माणसं कुठून आणायची, हॉलवालेही वेळेचे पक्के. आम्ही मधला मार्ग काढलाय. सत्तरीच्या पुढच्यांना आणि लेकुरवाळ्यांना टेबल-खुर्ची, केळीचं पान, वाढायला घरचीच पोरं, बाकीच्यांना बफे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना हातात ताट घेऊन रांगेत उभं केलेलं मला बघवत नाही, एका हातात काठी नि दुसऱ्यात ताट, पुरी तोडायची कशाने? आणि ज्या पदार्थात काजू आहे तिथे तशी चिठ्ठी लावणार, ॲलर्जीवाली मुलं हल्ली प्रत्येक घरात एखादं तरी आहेच.

केटरर शेवटी कोण मिळाला ते विचाराल तर प्लॅटिनमवाला नाहीच. माशेलकडचे एक आचारी आहेत, चतुर्थीला नि जत्रेला रांदतात, लॅमिनेशन वगैरे काही नाही, वहीत पेन्सिलीने लिहून घेतात. त्यांनी आधी घरी येऊन खतखतं करून दाखवलं, आम्ही सगळे जेवलो, गूळ जरा कमी करा एवढंच म्हणालो. हे टेस्टिंग कराच, आणि केटररच्या हॉलात नको, आपल्या घरी करा, म्हणजे घरातल्या मोठ्या बाईला चव घेता येते.

संपादक महाशय, एक विनंती आहे. तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाचकांकडून त्यांच्या घरच्या जुन्या लग्नांतलं पान मागवा. पेडण्याला काय वाढायचे, काणकोणला काय, सत्तरीत काय, कुठल्या महिन्यात काय, किती माणसांना किती नारळ लागायचे, सगळं. अजून ज्या आज्या-पणज्या आहेत त्यांना हे तोंडपाठ आहे. छापलंत तर मी आमच्या घरचं पहिलं पाठवते, आणि ते केटररचे लॅमिनेटेड कागद घेऊन फिरणाऱ्या आईबापांना निदान दाखवायला काहीतरी होईल.

आपली,
एक वाचक, फोंडा