तोरुन्यहून, संत्याला

प्रिय संत्या,

परवा फोनवर विचारलंस ना, तिकडं पोलंडमध्ये पोरं सगळी फुटबॉलच्या मागं असतील म्हणून, तर ऐक, आमच्या तोरुन्यात तसं नाही. एलाना नावाचा फुटबॉल क्लब आहे, पण गाव खरं वेडं आहे ते स्पीडवेचं, म्हणजे मोटारसायकलच्या शर्यतींचं. मातीचा गोल ट्रॅक, चार गाड्या, चार राऊंड, मिनिटभरात खेळ खलास. आणि गाडीला ब्रेकच नाही रे! ५०० सीसी, एक सिलिंडर, पेट्रोलच्या जागी मिथेनॉल, आणि वळणावर मागचं चाक घसरवतच गाडी वळवायची. पहिल्या वळणापाशी बसलास तर माती अंगावर घेऊनच घरी जाशील.

क्लबचं नाव आपातोर. मोटोअरेना स्टेडियम २००९ ला झालं, पंधरा हजारांवर लोक बसतात, आणि शेजारचे आजोबा पेन घेऊन प्रत्येक हीटचे (म्हणजे चार राऊंडच्या एका शर्यतीचे) पॉईंट कागदावर मांडत बसतात, ३, २, १, शून्य, अशा पंधरा हीट! मला आधी वाटलं एखादाच असा हौशी असेल, तर सगळी रांगच लिहीत होती.

शेजारच्या बिद्गोश्चशी यांचं वैर म्हणजे आपल्या पेठांच्या टीमचं असतं तसंच. पण स्टेडियमच्या रस्त्याला नाव कुणाचं, तर पेर यॉन्सनचं. हा स्वीडनचा माणूस, १९९० चा वर्ल्ड चॅम्पियन, तोरुन्यकडून खेळायचा, १९९४ ला बिद्गोश्चच्याच ट्रॅकवर पडला आणि कायमचा व्हीलचेअरवर गेला. परदेशी खेळाडूचं नाव रस्त्याला, मला हे लई आवडलं. स्टेडियमलाही मारिअन रोझे या जुन्या रायडरचं नाव आहे, तोही १९७० मध्ये रेसमध्येच गेला.

थंडीत ट्रॅक बंद, मग तोर-तोर नावाच्या रिंकच्या बर्फावर हॉकी, नाहीतर बास्केटबॉल, आणि बास्केटबॉलच्या टीमचं नाव चक्क इथल्या मसालेदार बिस्किटांवरून ठेवलंय, कोण घाबरणार सांग! हां, २०१४ ला झालेला इनडोअर हॉल, अरेना, मात्र भारी. पोल व्हॉल्टवाल्या डुप्लांटिसनं २०२० च्या फेब्रुवारीत ६.१७ मीटरचा वर्ल्ड रेकॉर्ड तिथंच मारला.

आता तू गॅरेजवाला, तूच सांग, एकच गियर असलेली गाडी स्टार्टला पुढचं चाक न उचलता सोडायची कशी? क्लचवर किती आणि अंगाचा भार कुठं? इथल्या एकाला विचारलं तर नुसता हसला. नीट लिहून पाठव, व्हॉइस नोट नको, तुझ्या मागं कायम ग्राइंडर चालू असतो.

तुझा,
पक्या